पाचव्या ‘का’ची रिकामी ओळ

साटम काका, तुमचं कार्ड अजून फळ्यावरच आहे.

पिवळं, एक कोपरा दुमडलेला, ‘खोळंबा’ या रकान्यात. तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. रोज सकाळी पावणेदहाला आम्ही सात जण त्या फळ्यासमोर उभे राहतो, काल काय केलं, आज काय करणार ते सांगतो आणि आपापल्या खुर्चीकडे जातो. त्या कार्डाकडे कोणी बघत नाही. पहिल्या दिवशी दोन मिनिटं शांतता पाळली. त्यानंतर ती आपोआपच पाळली जाते आहे, फक्त त्या एका कार्डापुरती.

आज निखिलने मला बाजूला घेतलं. “समता, सोमवारी फळा काढतायत. मोठी स्क्रीन लागणार तिथे. तू ते... विलासचं कार्ड काढून ठेवशील का? माझ्याने नाही होत यार.” आपला मॅनेजर, तेहेतीस वर्षांचा, आपल्याशी बोलताना कायम घड्याळ बघणारा. आज त्याने घड्याळ बघितलं नाही. मी हो म्हटलं. सगळे जेवायला गेल्यावर फळ्यापाशी गेले, कार्ड काढलं, उलटून बघितलं, आणि होतं तिथेच परत लावलं.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली होती. दोन महिने राहिली, आता कायमची राहिली. त्या कार्डाच्या पाठीवर ती तुम्ही आधीच लिहून ठेवली होती, जवळजवळ सगळी. एक ओळ सोडून. सोमवारच्या आत त्या ओळीचं काय करायचं ते मला ठरवायचं आहे. म्हणून लिहायला बसले. लिहिणं तेवढं तुला जमतं, असं तुम्ही म्हणायचात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते मला कधीच कळलं नाही.

*

तुम्ही टीममध्ये आलात तेव्हा ऑफिसचा नियम होता की सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची. बावीस-तेवीस वर्षांची पोरं तुम्हाला ‘विलास, जरा बघ ना’ म्हणायची. माझ्या तोंडातून ते फुटेना. विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलेली मुलगी बाबांच्या वयाच्या माणसाला विलास कशी म्हणेल? मी काका म्हटलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “इथे काका-मामा चालत नाही. एचआरला वाटेल वशिला आहे.”

“मग काय म्हणू?”

“काकाच म्हण. पण हळू.”

आपल्या कोलशेतच्या ऑफिसच्या खिडकीतून समोरचे टॉवर दिसतात. एकदा चहा घेता घेता तुम्ही बोट दाखवलंत. “आठव्या मजल्यावर निळी चादर वाळत घातलीये बघ. तिच्या बरोबर खाली माझी लाइन होती.” सुटे भाग जुळवायची लाइन. कारखाना बंद झाला, टॉवर उभे राहिले, तुम्ही चाळिशीत सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकलात आणि रस्त्याच्या या बाजूला येऊन बसलात. एवढंच सांगितलंत, आणि चहाचा कप स्वतः विसळून ठेवलात.

मी उसळून म्हटलं, माझ्या बाबांनी त्या रस्त्यावर कारखान्यांच्या गेटबाहेर पत्रकं वाटलीयत. तुमच्याही गेटवर वाटली असतील.

“असतील. मी घेतलीही असतील. आम्ही ती डब्याखाली घालायचो.”

मला इतका राग आला की मी उठून चालू लागले. तुम्ही मागून म्हणालात, “अगं, वाचून झाल्यावर!”

मी त्या पत्रकांवर वाढले, काका. वाटून उरलेली पत्रकं घरी यायची. पाठकोरी असल्यामुळे ती रद्दीत जायची नाहीत. त्यांच्या पाठीवर मी पाढे लिहिले, शुद्धलेखन लिहिलं. एका बाजूला ‘कामगार बंधू-भगिनींनो’, दुसऱ्या बाजूला सात सक बेचाळीस. बाबांनी माझं नावसुद्धा पत्रकातूनच उचललं. अन्याय दिसला की गप्प बसायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नाही, ते कागद उलटताना आपोआप वाचलं गेलं. तुम्हाला हे सांगितल्यावर तुम्ही मला ‘पत्रकबाई’ म्हणायला लागलात. आठवड्याभरात सगळी टीम म्हणायला लागली. मी वरवर चिडायचे. आता अकरा दिवसांत मला त्या नावाने कोणी हाक मारलेली नाही, आणि ऑफिसात सगळे ‘समता, समता’ करतात तेव्हा दुसऱ्याच कोणालातरी बोलावतायत असं वाटतं.

*

आपली टीम अ‍ॅजाईल होती. दोन आठवड्यांचा एक स्प्रिंट, दर दोन आठवड्यांनी ग्राहकाला काहीतरी चालतं-फिरतं दाखवायचं, त्याचं ऐकायचं, लागलं तर वळायचं. तुम्ही त्यात कारखान्यातलं लीन, म्हणजे फुकट जाणारं सगळं छाटायची पद्धत, आणून घातलंत. भिंतीवर पांढरा फळा ठोकलात. चार रकाने: घेतलं, चाललंय, खोळंबा, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड. एकाच्या हातात एका वेळी दोनच कार्डं. तिसरं घ्यायची खाज आली तर आधी दुसऱ्या कोणाचं अडलेलं सोडवायला जायचं.

निखिल म्हणाला, “विलास, मराठीत? क्लायंट आला तर?”

“क्लायंटची गोदामं भिवंडीत आहेत. वाचेल.”

मग तुम्ही फळ्याच्या कडेला सायकलची घंटा स्क्रूने बसवलीत. तुमच्या लाइनवर डोक्यावरून एक दोरी जायची, कोणाही कामगाराने ओढली की सगळी लाइन थांबायची, तसं. चूक दिसली की ज्याला दिसली त्याने घंटा वाजवायची, सगळ्यांनी हातातलं खाली ठेवून फळ्यापाशी यायचं. पोरांनी पहिल्या दिवशी ती गंमत म्हणून वीस वेळा वाजवली. नंतर कोणी वाजवली नाही.

मी मात्र पहिल्या दिवसापासून तुमच्याशी भांडायला उभी होते.

“लीन,” मी म्हटलं, “शब्दच बघा ना. लीन म्हणजे मान खाली घातलेला. कामगाराचं काय करायचंय ते नावातच सांगून ठेवलंय.”

“मान खाली घालायचीच असते,” तुम्ही म्हणालात. “कोणापुढे ते विचार. साहेबापुढे नाही. कामापुढे. आणि ते काम ज्याच्या घरात जाणार त्याच्यापुढे.”

“गोड बोलता. याच नावाखाली किती जणांना घरी पाठवलं ते माहितीये ना?”

“मला सांगतेस? मलाच पाठवलंय.”

सगळे हसले. मी नाही हसले. “मग तरी तेच घेऊन आलात?”

“सुरीने बोट कापलं म्हणून भाजी काय दाताने चिरायची?”

“मग चपळपणा पुरे नाही का आपला? अ‍ॅजाईल आहोत ना आपण?”

“चपळ तर चोरही असतो, पत्रकबाई.”

यावर तुम्ही जिंकलात असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी नाही ठरवलं. आजही नाही. तुमच्या हातातलं लीन आणि निखिलच्या वरच्यांच्या हातातलं लीन एक नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणत होते. महिनाभरात ते तुमच्या फळ्यावरची कार्डं माणशी मोजायला लागले होते. कोणाची किती ‘झालं’मध्ये गेली, कोणाची किती अडली. तुम्ही थांबवायचा फळा लावलात, त्यांनी त्याची मोजपट्टी केली. तुम्ही काय केलंत? एक नियम काढलात: खोळंब्यातल्या कार्डावर माणसाचं नाव लिहायचं नाही. कारण लिहायचं. “नाव लिहिलं की माणसं तिथेच थांबतात,” म्हणालात. “पुढचं ‘का’ विचारत नाहीत.”

आणि ते तुमचे पाच ‘का’. काही बिघडलं की कार्डाच्या पाठीवर एकाखाली एक पाच आकडे लिहायचात. हे का झालं? त्याचं उत्तर. मग ते का? त्याचं उत्तर. चार ओळी सगळ्यांसमोर भरायच्या. पाचवी मोकळी. पाचव्याचं उत्तर मिळेपर्यंत कार्ड खोळंब्यातून निघायचं नाही, मग दुरुस्ती कधीचीच झालेली का असेना. आणि पाचवा ‘का’ तुम्ही कधीच कोणाला विचारला नाहीत. “चौथ्यापर्यंत तो कामात असतो,” तुम्ही म्हणायचात. “पाचवा माणसात शिरतो. तिथे दुसऱ्याने जाऊ नये. ज्याचा त्याने विचारावा.”

मी डबा खाताना तुम्हाला म्हटलं होतं, “काका, तुमचा ‘का’ नेहमी खाली उतरतो. वर का चढत नाही? तारीख कोणी ठरवली, माणसं इतकी कमी का, हे नाही कधी विचारत तो.”

“चढतो की. पण पहिली पायरी सोडून जिना चढलेला माणूस बघितलायस?”

“ही साहेबांची भाषा झाली.”

तुम्ही भाकरीचा तुकडा होता तो खाल्लात, डबा बंद केलात. तो वाद तिथेच राहिला. मी किती वेळा मनात तो पुढे नेला! प्रत्येक वेळी जिंकले. तुम्ही समोर नसताना जिंकणं किती सोपं असतं, ते आता रोज कळतंय.

*

मग मी माझं पत्रक काढलं. ‘फळा कोणाचा?’ एक पान. कार्डं माणशी मोजणं बंद करा, नाहीतर फळ्याला फळा म्हणू नका, हजेरीपट म्हणा, असं त्यात होतं. ते मी सबंध मजल्याला मेल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छापून फळ्यावर लावलेलं. ‘घेतलं’ या रकान्यात. तुम्ही लावलं होतंत. तांबड्या पेन्सिलीने तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलेलं, आणि खाली बारीक अक्षरात: ‘मुद्दा बरोबर. वेलांटी चूक.’ त्या आठवड्यात तुम्ही निखिलला घेऊन वर गेलात आणि माणशी मोजणं बंद करून आलात. पेढे वाटावेत असं मला वाटलेलं. तुमचे आभार मात्र मानले नाहीत. पत्रकामुळे झालं असं मी धरून चालले. काका, पत्रकामुळे नव्हतं झालं. ते कोणीतरी हातात धरून वर नेलं म्हणून झालं.

मला त्याची शिक्षाही मिळाली. एचआरने बोलावलं. माझ्या वार्षिक कामाच्या अहवालात ‘अ‍ॅटिट्यूड’ हा एकच शब्द आला, पुढे काही स्पष्टीकरण नाही. मी तुम्हाला हसत हसत सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. “ही चूक झाली,” म्हणालात. कोणाची ते बोलला नाहीत.

*

आता ती गोष्ट.

भिवंडीच्या गोदामांसाठी आपण जे अ‍ॅप करत होतो, त्याचं काम एवढंच: खोका स्कॅन केला की त्यातल्या मालाची मुदत कधी संपते ते सांगायचं, म्हणजे आधी संपणारा माल आधी बाहेर पडेल. बिस्किटं, नूडल्स, लहान बाळांचा खाऊ. गुरुवारी ग्राहकाला शेवटचं दाखवायचं, सोमवारी गोदामात सुरू.

मंगळवारी दुपारी मला दिसलं. एका पुरवठादाराच्या फायलीत महिना आधी आणि दिवस नंतर होता. आपलं अ‍ॅप ते उलटं वाचत होतं. आठ मेला संपणारा माल पाच ऑगस्टला संपणार असं सांगत होतं. तारीख तेरा किंवा त्याच्या पुढची असली की गडबड व्हायची नाही, कारण तेरावा महिना नसतो. अ‍ॅप आपोआप बरोबर वाचायचं. म्हणूनच ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या फायलीत बाळांचा खाऊ होता.

मी चुकांच्या यादीत टिप्पणी लिहायला घेतली. ‘तारीख उलटी वाचली जाते आहे, फाइल क्रमांक...’ एवढं लिहिलं, आणि थांबले. पाठवलं नाही. बंदही केलं नाही. तसंच अर्धवट ठेवून घरी गेले.

बुधवारी तुम्ही गोदामात गेला होतात. हमालांबरोबर बसून अ‍ॅप कसं वापरणार ते बघायला. तुमची ती सवय: काम जिथे होतं तिथे जाऊन बघ. गुरुवारी सकाळी आलात ते हातात बाळांच्या खाऊचा रिकामा खोका घेऊन. ग्राहकाची माणसं काचेच्या खोलीत बसली होती, निखिल स्क्रीन जोडत होता. तुम्ही सरळ तिकडे गेला नाहीत. माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिलात.

“समता, काही सांगायचंय?”

पत्रकबाई नाही, समता. मी तुमच्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं.

“नाही,” म्हटलं.

तुम्ही खोका काखेत घेतलात. मग फळ्यापाशी गेलात आणि घंटा वाजवलीत. सायकलची घंटा, काका. किती बारीक आवाज होता तो! पण मजल्यावरच्या सगळ्या माना वळल्या. ग्राहकाची माणसं बाहेर आली. तुम्ही खोका टेबलावर ठेवलात, त्याच्यावरची छापील तारीख दाखवलीत, मग अ‍ॅप दाखवत असलेली तारीख दाखवलीत. ग्राहकाचा मोठा साहेब आधी ओरडला, मग खोका हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. सोमवारचं सुरू होणं रद्द झालं. निखिलचा चेहरा पांढराफटक पडला होता. “विलास, मला आधी सांगायचं ना, मागे येऊन, हळूच!” तुम्ही म्हणालात, “हळूच वाजते अशी घंटा मला मिळाली नाही रे.”

पुढच्या आठवड्यात तुम्हाला बढती मिळाली. म्हणजे तसंच लिहिलं होतं मेलमध्ये. ‘प्रक्रिया मार्गदर्शक’. तिसऱ्या मजल्यावर पँट्रीच्या शेजारी एक टेबल, एक खुर्ची, टीम नाही. ग्राहकासमोर घंटा वाजवल्याबद्दलची ही शिक्षा आहे, हे सगळ्यांना कळत होतं. पोरं मला विचारायची, “पत्रकबाई, पत्रक कुठाय?” मी म्हणायचे, लिहितेय.

मी लिहीत नव्हते. कसं लिहिणार? पहिलं वाक्य काय लिहिणार होते?

आपण रोज सव्वा वाजता एकत्र डबा खायचो. मी दोन वाजता खायला लागले. लिफ्टमध्ये तुम्ही दिसलात की जिन्याने जायचे. दोन महिने. तुम्ही वर एकटे बसून काय करत असाल, असा विचार मनात यायचा आणि मी हेडफोन लावायचे. एकदाच चुकवता आलं नाही. लिफ्टचं दार बंद होत होतं, तुम्ही आत होतात, मी बाहेर. तुम्ही हात घालून दार अडवलंत.

“हल्ली डबा एकटी खातेस. का गं?”

“काम असतं, काका.”

“बरं,” तुम्ही हात काढून घेत म्हणालात. “हा पहिला झाला.”

आणि हसलात. दार बंद झालं. बाकीचे विचारायला तुम्ही परत भेटला नाहीत.

*

गेल्या रविवारी डोंबिवलीला तुमच्या घरी गेले होते. काकूंना मी कोण ते सांगायला लागलंच नाही. “तू पत्रकबाई ना?” म्हणाल्या. मला वाटलेलं तुम्ही घरी माझं नावही काढत नसाल.

त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. फळीवर प्रत्येक जिन्नसाचे दोन-दोन डबे, एक पुढे, एक मागे. तूरडाळ, साखर, चहा, पोहे. काकू सांगत होत्या, पुढचा डबा संपला की त्याचं झाकण उलटं ठेवायचं आणि मागचा वापरायला घ्यायचा. उलटं झाकण दिसलं की तुम्ही काही न विचारता पिशवी घेऊन खाली जायचात. “लग्न झालं तेव्हा मला वाटलं, माणूस जरा वेडाच आहे,” त्या म्हणाल्या. “पण तीस वर्षांत एकदा शेजारी वाटीभर साखर मागायला गेले नाही बघ.”

मी फळीकडे बघितलं. सगळी झाकणं उलटी होती.

“आता संपत आलं सगळं,” काकू म्हणाल्या. “आणि मला माहीतच नाही ते कुठल्या दुकानातून आणायचे. कधी विचारलं नाही गं. लागलंच नाही विचारायला.”

मी खाली जाऊन जे दुकान दिसलं त्यातून तूरडाळ आणि साखर आणली. काकूंनी डाळ डब्यात भरली, हाताने सारखी केली. झाकण मात्र उलटंच ठेवलं. मी ‘का’ विचारलं नाही. तो पाचवा असणार, एवढं मला तुमच्याकडून कळलं होतं.

*

आता कार्डाच्या पाठीवर काय होतं ते. मला वाटलेलं, ते पाठकोरं असेल. घंटा वाजली त्या दिवशी तुम्ही कार्ड खोळंब्यात लावलंत, पण सगळ्यांना बोलावून ‘का’ विचारले नाहीत. तेवढी उसंतच कोणी दिली नाही. पण तुम्ही बसून एकट्याने लिहिलं होतंत. तुमच्या त्या तिरक्या अक्षरात.

१. तारीख उलटी का वाचली? पुरवठादाराच्या फायलीत महिना आधी.

२. आपण तपासलं का नाही? नमुन्यातल्या सगळ्या तारखा तेराच्या पुढच्या घेतल्या. (मीच घेतल्या.)

३. मग कोणालाच का दिसलं नाही? दिसलं होतं. मंगळवारी.

४. दिसूनही सांगितलं का नाही? आधी एकदा खरं बोलल्यावर शिक्षा झाली होती. ती थांबवणं आमचं काम होतं. केलं नाही.

५.

माझी अर्धवट टिप्पणी तुम्ही वाचली होतीत. टेस्टिंग तुमच्याकडे होतं, न पाठवलेलंही तुम्हाला दिसायचं, हे मी विसरले होते. म्हणजे तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात ते विचारायला आला नव्हतात. घंटा माझ्या हातात द्यायला आला होतात. मी ‘नाही’ म्हटल्यावर तुम्ही ती स्वतः वाजवलीत, आणि तिसऱ्या मजल्यावर गेलात, आणि दोन महिन्यांत कोणालाही म्हणाला नाहीत की ही पोरगी दोन दिवस आधी बघून गप्प बसली होती.

आणि काका, तुमचा ‘का’ वर चढला होता. मी जे डबा खाताना मागत होते तेच तुम्ही चौथ्या ओळीत लिहिलं होतंत. दोष माझ्यावर आला असता, तो उचलून वर नेऊन ठेवलात. आपला तो वाद तुम्ही माझ्या बाजूने संपवून ठेवला होतात, आणि मी तुम्हाला चुकवत जिन्याने जात होते.

आता फक्त पहिली पायरी, माझी स्वतःची, राहिली आहे. तुम्ही ती मोकळी ठेवलीत.

*

इथवर शुक्रवारी लिहिलं होतं. आज सोमवार.

शनिवार-रविवार मी पाचवी ओळ शोधत होते. ‘भीती’ असं लिहून सुटता आलं असतं. तुम्ही तसं सुचवूनच ठेवलंय. पण भीती चौथ्या ओळीत आली. तिच्या खाली अजून एक गोष्ट होती, आणि ती कुठल्याही एचआरने माझ्यात घातलेली नव्हती.

आज साडेनऊला ऑफिसात पोचले. फळा काढणारे दोन कामगार ड्रिल घेऊन आधीच आले होते, त्यांना म्हटलं, पंधरा मिनिटं थांबा. पावणेदहाला सगळे उभे राहिले. माझी पाळी आली तेव्हा मी कार्ड काढलं आणि चार ओळी मोठ्याने वाचल्या. मग खिशातलं पेन काढून पाचवी लिहिली आणि तीही वाचली:

५. घंटा का नाही वाजवली? वाजवली असती तर लीनबद्दल साटम काका बरोबर ठरले असते. मला वाद जिंकायचा होता. समता.

एक ड्रिलवाला कामगार घोगऱ्या आवाजात खोकला. निखिल खाली बघत होता. मग तो म्हणाला, “चौथी ओळ माझी आहे. तो अहवाल माझ्या सहीने गेलेला.” त्याने माझ्याकडून पेन घेतलं, चौथ्या ओळीशेजारी आपलं नाव लिहिलं आणि पेन परत दिलं. तेवढंच. माफीबिफी नाही मागितली कोणी कोणाची. माफी ज्याची मागायची होती तो माणूस त्या खोलीत नव्हता.

दहा वाजता फळा निघाला. भिंतीवर चार भोकं राहिली आणि मधला रंग आजूबाजूपेक्षा उजळ राहिला. स्क्रीन लागली आहे. तिच्यावर रकाने इंग्रजीत आहेत आणि खोळंब्याचा रकाना नाही. तो हवा म्हणून आजच पत्रक लिहिणार आहे. या वेळी मेल करणार नाही. हातात धरून वर नेणार आहे. निखिल बरोबर येतो म्हणाला. येईल की नाही माहीत नाही.

सव्वा वाजता तिसऱ्या मजल्यावर जाऊन पँट्रीशेजारच्या टेबलावर डबा उघडला. समोरची खुर्ची कोणीतरी नेली होती.

घंटा मी स्क्रू काढून घेतली. आता घरी टेबलावर आहे, कार्डाशेजारी. खोळंब्यातल्या कार्डावर नाव लिहायचं नाही, कारण लिहायचं, हा तुमचा नियम मी आज मोडला. दोन्ही लिहिलं. कारण या खेपेला दोन्ही एकच होतं, असं मला वाटतं. पण मला खूप काही वाटत असतं, तुम्हाला माहीत आहे.

चुकलं असेल, तर वाजवा, काका.